कुडाळमध्ये खाणावळ चालवणाऱ्या खानोलकरांनी कोकणातला देव मराठी साहित्यात आणला

'ये रे घना' हे गाणं ऐकलं नाही असा मराठी माणूस सापडणं अवघड आहे. आशा भोसलेंचा आवाज आणि हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत हेही बहुतेकांना माहीत असतं. पण गाणं लिहिलं कुणी, असं विचारलं की बरेच जण अडतात. काहींना आरती प्रभू हे नाव आठवतं, आणि त्यातल्याही काहींना ते एखाद्या बाईचं नाव वाटतं.

आरती प्रभू म्हणजे चिंतामणी त्र्यंबक खानोलकर. कवितेखाली ते आरती प्रभू असं नाव लावायचे आणि कथा, कादंबऱ्या, नाटकं चिं. त्र्यं. खानोलकर या नावाने लिहायचे. वयाच्या 46 व्या वर्षी ते गेले. पण तेवढ्या काळात त्यांनी मराठीत एक असं जग उभं केलं, जिथे समुद्राच्या कपारीत सिद्धपुरुष राहतो, देवी माणसांच्या आयुष्यात ढवळाढवळ करते आणि वर मिळालेला माणूस वर नसलेल्यापेक्षा जास्त दुःखी होतो.

जगात अद्भुत साहित्याचा विषय निघाला की टॉल्किन आणि सी. एस. लुईस यांची नावं पहिली येतात. या दोघांच्या कल्पनेमागे त्यांचा ख्रिस्ती धर्म होता, यावर ढिगाने पुस्तकं लिहिली गेली आहेत. मग खानोलकरांच्या अद्भुतामागे कोणता धर्म होता?

त्याचं उत्तर कुठल्या एका धर्मग्रंथात सापडत नाही. त्यासाठी कुडाळ आणि पिंगुळीच्या रस्त्याला लागावं लागतं.

पिंगुळीची चित्रं आणि रात्रीचे राजे

कुडाळपासून सावंतवाडीच्या बाजूला निघालं की थोड्याच अंतरावर पिंगुळी लागतं. आज हे गाव चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांसाठी ओळखलं जातं. इथल्या ठाकर समाजाने ही कला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. याच कामासाठी पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

चित्रकथी म्हणजे काय, तर चित्रं दाखवत गोष्ट सांगायची. कागदावर रामायण-महाभारतातले प्रसंग रंगवलेले असतात. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवतात. अशा चित्रांच्या एका संचाला पोथी म्हणतात. सांगणारा एकेक चित्र पुढे धरतो, गातो आणि कथा पुढे नेतो. सोबत टाळ आणि हुडुक वाजत असतं. सावंतवाडी संस्थानाने या कलेला आश्रय दिला आणि देवळांमध्ये कथा सांगण्याचे मान ठरून गेले.

म्हणजे प्रेक्षकासाठी हा खेळ निव्वळ करमणुकीचा नव्हता. देवळात, ठरलेल्या दिवशी, देवासमोर सांगितलेली ती गोष्ट होती. तिच्यातला राक्षस, उडणारा वानर किंवा शाप ऐकताना हे खरं की खोटं असा प्रश्न कुणी विचारत बसत नसे.

हाच प्रकार दशावताराचा. दिवाळीनंतर या भागात जत्रा सुरू होतात आणि देवळासमोर रात्रभर दशावतारी खेळ चालतो. लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, पात्रं वाटली जातात आणि नट आयत्या वेळी संवाद रचत जातात. बायकांची कामंही पुरुषच करतात. पहाटेपर्यंत जो विष्णू किंवा राजा असतो, तोच उजाडल्यावर रंग पुसून, डोक्यावर पेटारा घेऊन पुढच्या गावाची वाट धरतो.

देव आणि माणूस यांच्यातलं अंतर एवढं कमी असलेल्या मुलखात खानोलकर जन्मले आणि वाढले.

खाणावळवाला कवी

8 मार्च 1930 रोजी तेंडोलीजवळच्या बागलांची राई इथे त्यांचा जन्म झाला. खानोलकर हे आडनाव वेंगुर्ला तालुक्यातल्या खानोली गावावरून आलेलं. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता, तो 1981 मध्ये झाला. हा सगळा भाग रत्नागिरी जिल्हा आणि सावंतवाडी संस्थान यांच्यात वाटलेला होता.

वडील लवकर गेले. कुटुंबाचं पोट कुडाळच्या खाणावळीवर होतं. चिंतामणीचं शिक्षण तुटकतुटक झालं आणि पुढे खाणावळीचा भार त्यांच्याच अंगावर आला. भाजी आणायची, जेवणाऱ्यांची ताटं सांभाळायची, उधारी वसूल करायची आणि उरलेल्या वेळात कविता लिहायची असा तो काळ होता. हिशेबात हा माणूस कधीच पक्का नव्हता. त्यामुळे धंदा कसाबसा चालला आणि शेवटी बसला.

पण कविता बसली नाही. 1954 मध्ये 'सत्यकथा' मासिकात आरती प्रभू या नावाने कविता आली. त्या काळी सत्यकथेत छापून येणं म्हणजे मराठी साहित्याच्या दारातून आत शिरणं होतं. मुंबई-पुण्यातल्या वाचकांना हा नवा कवी कोण ते कळेना. तो कुडाळमध्ये खाणावळ चालवतो हे समजल्यावर अनेकांना आश्चर्य वाटलं.

1959 मध्ये 'जोगवा' हा पहिला कवितासंग्रह आला आणि 1962 मध्ये 'दिवेलागण'. ही नावंच बघा. जोगवा म्हणजे देवीच्या नावाने मागितलेली भिक्षा. दिवेलागण म्हणजे संध्याकाळी देवापुढे आणि तुळशीपुढे दिवा लावायची वेळ. तुळस, समई, गाभारा या रोजच्या देवधर्मातल्या वस्तू त्यांच्या कवितेत कायम दिसतात.

खाणावळ बंद झाल्यावर ते बायकामुलांना घेऊन मुंबईला आले. काही काळ आकाशवाणीवर नोकरी केली, पण तीही टिकली नाही. त्यानंतर उरलेलं आयुष्य बहुतेक लेखणीवरच काढलं. मराठीत लिहून घर चालवणं आज सोपं नाही, तेव्हा तर नव्हतंच. पैशाची ओढाताण शेवटपर्यंत सुटली नाही.

गंमत म्हणजे कुडाळ सुटल्यावर कुडाळ त्यांच्या लेखनात जास्त आलं. मुंबईच्या खोलीत बसून ते एकामागून एक कादंबऱ्या लिहीत गेले आणि त्यातल्या बऱ्याच कोकणातल्या आडगावांत घडत होत्या.

गाव चालवणारे देव

या कादंबऱ्या समजून घ्यायच्या तर दक्षिण कोकणातला देव आधी समजून घ्यावा लागतो.

इथला देव फक्त देव्हाऱ्यात बसत नाही, तो गाव चालवतो. या व्यवस्थेला गावऱ्हाटी म्हणतात. रवळनाथ, सातेरी, भूमिका, वेतोबा ही इथली मोठी दैवतं. सातेरीचं मूळ रूप म्हणजे वारूळ. कुठल्या देवासमोर कुणाचा मान, पालखी कुणी उचलायची, कुठल्या कामाला कुठला मानकरी, हे सगळं ठरलेलं असतं.

मोठा निर्णय घ्यायचा असेल तर देवाला कौल लावतात. मूर्तीवर फुलाच्या पाकळ्या किंवा तांदळाचे दाणे चिकटवायचे आणि उजवीकडचं पडतं की डावीकडचं यावरून देवाची संमती ओळखायची. संकट आलं की गाऱ्हाणं घालतात. गाऱ्हाणं घालणारा देवापुढे एकेक मागणी ठेवतो आणि जमलेला गाव प्रत्येक मागणीला होकार भरतो. कुणाच्या अंगात देव आला तर त्याला अवसार म्हणतात.

वेंगुर्ला तालुक्यातल्या आरवलीचा वेतोबा तर प्रसिद्ध आहे. पुरुषभर उंचीपेक्षाही मोठी त्याची मूर्ती आहे. नवस फेडताना त्याला केळ्यांचा घड आणि चामड्याच्या मोठ्या वहाणा वाहतात. वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्यामुळे वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. हद्दीवरचा देवचारही तसाच. त्याला वेळच्या वेळी त्याचा मान द्यावा लागतो, नाहीतर तो वाट चुकवतो असं मानतात.

या श्रद्धेची एक खासियत आहे. इथला देव दयाळू असेलच असं नाही. तो राखण करतो, तसाच कोपतोही. त्याच्याशी व्यवहार असतो. त्याने काही दिलं की बदल्यात काहीतरी द्यावं लागतं. आणि त्याच्या मनात नेमकं काय आहे, हे माणसाला पूर्ण कधीच कळत नाही. कौलाची पाकळी पडते, पण तिचा अर्थ माणसालाच लावावा लागतो.

आरवली हे जयवंत दळवींचंही गाव. दळवी खानोलकरांपेक्षा पाच वर्षांनी मोठे. 'सारे प्रवासी घडीचे' मध्ये त्यांनी हाच मुलूख, हीच माणसं आणि हेच देव हसत-खेळत रंगवले. खानोलकरांनी तेच देव घेतले, पण त्यांच्याकडे बघून त्यांना हसू आलं नाही.

कोंडुरा

1966 मध्ये त्यांची 'कोंडुरा' कादंबरी आली.

कोंडुरा हे नाव त्यांनी मनाने रचलेलं नाही. वेंगुर्ला तालुक्यात वायंगणीच्या बाजूला कोंडुरा नावाचा किनारा खरोखर आहे. तिथे खडकाच्या कपारीत समुद्र आत घुसतो आणि मोठा आवाज करतो. असा आवाज रात्रीच्या वेळी ऐकणाऱ्याला तिथे कुणीतरी राहतं असं वाटलं तर नवल नाही.

कादंबरीचा नायक परशुराम हा गावातला एक साधा, काही काम न करणारा ब्राह्मण. कोकणात हे नावही साधं नाही. समुद्र मागे हटवून परशुरामाने कोकण वसवलं, अशी इथली जुनी कथा आहे. पण या परशुरामाच्या हातात परशूही नाही आणि पराक्रमही नाही. घरात त्याला किंमत नाही. अपमान सहन न होऊन तो घर सोडतो आणि कोंडुऱ्याशी त्याची गाठ पडते. तिथे त्याला सिद्धपुरुष भेटतो आणि वर म्हणून एक मुळी देतो. ही मुळी गर्भ पाडणारी असते. बदल्यात परशुरामाने ब्रह्मचर्य पाळायचं. आणि परशुराम तर लग्न झालेला माणूस.

बघता बघता गावात त्याचा मान वाढतो. ज्याला कुणी विचारत नव्हतं, त्याच्या पाया पडायला लोक येऊ लागतात. आपल्याला देवानेच निवडलंय, गावातलं पाप आपल्यालाच निपटायचं आहे, असं त्याला वाटायला लागतं. याच भरात एका गर्भार सुनेबद्दल तो चुकीचा तर्क बांधतो आणि ती मुळी वापरली जाते. जिचा काही दोष नव्हता, तिच्यावर घाव पडतो. पुढे परशुरामाचं स्वतःचं घरही वाचत नाही.

खरा प्रश्न इथे सुरू होतो. कोंडुऱ्याचा सिद्धपुरुष खरा होता की परशुरामाच्या दुखावलेल्या मनाने तो उभा केला होता? खानोलकर याचा निकाल देत नाहीत. देव खोटा असता तर गोष्ट सोपी होती, एक भोंदू पकडला गेला म्हणून पुस्तक मिटता आलं असतं. देव खरा आणि दयाळू असता तरी गोष्ट सोपी होती. पण इथे देव कदाचित खरा आहे, त्याने दिलेली शक्तीही खरी आहे आणि तरीही ती वापरणारा माणूस चुकतो. कारण देवाने मुळी दिली, पण ती कधी आणि कुणावर वापरायची याची अक्कल काही दिली नाही.

ऑक्सफर्डमधले दोन मित्र

खानोलकरांची पहिली कविता सत्यकथेत आली त्याच वर्षी, म्हणजे 1954 मध्ये, इंग्लंडमध्ये 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा पहिला भाग प्रसिद्ध झाला.

तिचे लेखक जे. आर. आर. टॉल्किन कट्टर कॅथलिक होते. टॉल्किन लहान असताना त्यांची आई कॅथलिक झाली आणि माहेरच्या माणसांनी तिला मदत करणं थांबवलं. टॉल्किन 12 वर्षांचे असताना ती गेली आणि त्यानंतर एका पाद्र्याने या मुलांचा सांभाळ केला. आईने धर्मासाठी जीव दिला, अशी टॉल्किन यांची पक्की समजूत होती. 1953 मध्ये एका पाद्री मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपली ही कादंबरी मुळातून धार्मिक असल्याचं सांगितलं होतं. तसं पाहिलं तर तिच्यात ना चर्च आहे ना प्रार्थनेचे विधी. पण अंगठी नष्ट होते ती तारीख त्यांनी 25 मार्च ठेवली. ख्रिस्ती परंपरेत मेरीला येशूच्या जन्माची वार्ता मिळाली तो हा दिवस.

त्यांचे मित्र सी. एस. लुईस तरुणपणी नास्तिक होते. 1931 मध्ये ऑक्सफर्डला टॉल्किन आणि ह्युगो डायसन यांच्याशी रात्री उशिरापर्यंत झालेल्या गप्पांनंतर ते ख्रिस्ती श्रद्धेकडे वळले. पुढे 1950 ते 1956 या काळात त्यांची 'नार्निया'ची सात पुस्तकं आली. त्यातला अस्लान हा सिंह दुसऱ्याच्या चुकीसाठी मरण पत्करतो आणि परत उठतो. हे कुणाचं रूप आहे, हे ख्रिस्ती वाचकाला लगेच कळतं.

खानोलकरांनी या दोघांना वाचलं होतं का, हा इथे मुद्दा नाही. मुद्दा आहे तो श्रद्धेचा. लेखक ज्या श्रद्धेत वाढतो, तिचा आकार त्याच्या अद्भुत जगालाही येतो.

टॉल्किनची अंगठी आणि परशुरामाची मुळी शेजारी ठेवून बघा. दोन्ही माणसाला त्याच्या ताकदीबाहेरची शक्ती देतात आणि दोन्ही माणसाला पोखरतात. पण अंगठी सैतानी शक्तीने बनवलेली आहे, त्यामुळे ती वाईटच आहे हे पहिल्यापासून माहीत असतं. तिला आगीत टाकणं हाच उपाय. फ्रोडो शेवटच्या क्षणी ढळतो, तरी अंगठी नष्ट होते, कारण टॉल्किनच्या जगाच्या वर एक चांगला देव आहे आणि माणूस हरला तरी तो सावरून घेतो.

परशुरामाची मुळी देवाघरचीच आहे. ती आगीत टाकावी, तर तो देवाचा अपमान होईल. वापरावी, तर माणसाचा बळी जाईल. आणि सावरून घ्यायला वरून कुणी येत नाही. ज्या मुलखात देवाशी व्यवहार असतो आणि देवाचं मन कळत नाही, तिथल्या अद्भुत कथेचा शेवट असाच होणार.

मराठीत अद्भुत कुठे गेलं होतं?

मराठी कादंबरीच्या सुरुवातीच्या काळात अद्भुताला मोठी जागा होती. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' 1861 मध्ये आली आणि ना. स. रिसबूड यांची 'मंजुघोषा' 1868 मध्ये. राजपुत्र, राजकन्या, संकटं आणि योगायोग यांनी भरलेल्या या गोष्टी तेव्हा खूप वाचल्या गेल्या.

मग हरिभाऊ आपटे आले. विधवांचे हाल, एकत्र कुटुंबातली घुसमट, शिकलेल्या तरुणांची कोंडी हे विषय घेऊन त्यांनी मराठी कादंबरी घरात आणली. ते गरजेचंच होतं. पण त्यानंतर देव, शाप, चमत्कार हे सगळं पौराणिक नाटकांकडे आणि मुलांच्या पुस्तकांकडे गेलं. शहाण्या, मोठ्या माणसांच्या कादंबरीत त्याला फारशी जागा उरली नाही.

खानोलकरांनी ते परत आणलं, पण राजवाड्यात न नेता. त्यांनी ते मोडक्या घरात, माडाच्या बागेत, गरीब ब्राह्मणाच्या ओटीवर आणलं. हरिभाऊंच्या कादंबरीतली माणसं आणि चित्रकथीतले देव त्यांनी एका पंगतीला बसवले.

किंमत कोण मोजतं?

त्यांच्या कादंबऱ्या ओळीने वाचल्या तर एक गोष्ट सारखी समोर येते. देव पुरुषांशी बोलतो आणि किंमत बायका मोजतात.

1962 मधल्या 'रात्र काळी, घागर काळी' या कादंबरीचं नाव विष्णुदास नामा यांच्या गौळणीवरून घेतलेलं आहे. गौळणीत तो काळा रंग कृष्णाचा असतो, भक्तीचा असतो. कादंबरीत तो काळोख होतो. तिची नायिका लक्ष्मी विलक्षण सुंदर आहे आणि तिचं हे रूपच तिच्यासाठी शाप ठरतं. पुरुष तिला बाई म्हणून बघत नाहीत. कुणाला ती देवी वाटते, कुणाला अवदसा, आणि या दोन्हींच्या मधे तिला जगायला जागाच मिळत नाही.

'चानी'मधली मुलगी तर गावाबाहेरची. कोकणातली आई आणि गोरा साहेब बाप यांची ती लेक. तिचे डोळे आणि केस वेगळे, म्हणून गाव तिला जवळ करत नाही. पण रात्रीच्या अंधारात तिच्या दाराशी जाणारे त्याच गावातले असतात. देवळात मानापानावरून भांडणारा गाव या मुलीच्या बाबतीत देवाला काही विचारत नाही.

आणि 'कोंडुरा'मधली ती सून. तिला कुणी विचारलंच नाही. तिच्या वतीने देव, सिद्धपुरुष आणि परशुराम यांनीच काय ते ठरवून टाकलं.

म्हणून खानोलकरांना अंधश्रद्धेचे लेखक म्हणणं चूक आहे आणि अंधश्रद्धेच्या विरोधातले प्रचारक म्हणणंही चूक. चमत्कार खरा की खोटा, यावर त्यांनी वाद घातला नाही. त्यांनी एवढंच दाखवलं की चमत्कार खरा मानला तरी माणसाची जबाबदारी संपत नाही. देवाने सांगितलं म्हणून केलं, असं म्हणणाऱ्याच्या हातूनच सगळ्यात मोठा अन्याय होतो. 2013 मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या जवळपास अर्धं शतक आधी लिहिलेलं 'कोंडुरा' आजही जुनं वाटत नाही, ते यामुळे.

दशावतार रंगमंचावर येतो

कादंबरीत जे केलं तेच त्यांनी नाटकातही केलं. 1966 मध्ये विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली 'रंगायन'ने 'एक शून्य बाजीराव' केलं. माधव वाटवे बाजीराव झाले. हा बाजीराव इतिहासातला पेशवा नाही, तो एक विदूषक आहे. खानोलकरांनी लोकनाट्याचे, खेळ्यांचे प्रकार घेऊन एकट्या पडलेल्या माणसाची गोष्ट सांगितली. रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर पेटारा, हे ज्याने लहानपणापासून बघितलंय, त्याला हा बाजीराव सुचला यात काही विशेष नाही. नाटकाला तेव्हा मोजकाच प्रेक्षक मिळाला, पण मराठी रंगभूमीच्या इतिहासात त्याचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

पुढे गिरीश कार्नाड यांचं 'हयवदन' त्यांनी मराठीत आणलं. घोड्याचं तोंड असलेला माणूस आणि देवीच्या देवळात झालेली मुंडक्यांची अदलाबदल अशी ही गोष्ट. इथेही देवी प्रसन्न होते, वर देते आणि त्या वरानेच माणसांचा घोळ होतो. हे नाटक मराठीत आणायला खानोलकरांपेक्षा योग्य माणूस मिळाला नसता. ब्रेख्तच्या 'कॉकेशियन चॉक सर्कल'वरून त्यांनी 'अजब न्याय वर्तुळाचा' लिहिलं. विजया मेहता आणि जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ यांनी ते बसवलं.

जे बघायचं राहून गेलं

1975 मध्ये 'नक्षत्रांचे देणे' हा कवितासंग्रह आला. दुसऱ्या वर्षी, 26 एप्रिल 1976 रोजी, मुंबईत खानोलकरांचं निधन झालं.

त्यानंतर जे झालं ते बघायला ते नव्हते. 1977 मध्ये व्ही. शांताराम यांनी 'चानी'वर सिनेमा काढला. रंजना यांनी चानी केली आणि लता मंगेशकरांनी गायलेलं त्यातलं 'तो एक राजपुत्र' घराघरात पोचलं. 1978 मध्ये श्याम बेनेगल यांनी 'कोंडुरा' हिंदीत केला आणि तोच 'अनुग्रहम' या नावाने तेलुगूत. अनंत नाग, वाणीश्री, स्मिता पाटील आणि कोंडुरा स्वामी म्हणून अमरीश पुरी असे त्यात नट होते. पटकथेच्या कामात गिरीश कार्नाडही होते. वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरची गोष्ट आंध्रात नेली तरी ती परकी वाटली नाही, कारण देव, वर आणि माणसाची चूक हे सगळीकडे सारखंच आहे.

त्याच वर्षी 'नक्षत्रांचे देणे'ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ज्या माणसाने आयुष्यभर पैशाची तंगी सोसली, त्याच्या नावावर हा सन्मान मरणानंतर जमा झाला. पुढे एका टीव्ही कार्यक्रमालाही हेच नाव मिळालं आणि ज्यांनी तो संग्रह कधी उघडला नाही, त्यांच्याही तोंडी ते शब्द बसले.

आज पिंगुळीत गेलात तर ठाकर कलांगणात जुन्या चित्रकथीच्या पोथ्या बघायला मिळतात. रावणाची मोठी डोळी, झाडांमधून येणारे वानर, एका बाजूला तोंड करून उभ्या असलेल्या राण्या. तिथून कुडाळची बाजारपेठ लांब नाही. या चित्रांमधले देव फार जुने आहेत आणि त्यांना सांगणारे हात बदलत आले आहेत. त्यातल्या एका हाताने टाळ किंवा हुडुक कधी धरलं नाही. दिवसा तो खाणावळीतली ताटं मोजायचा आणि दिवेलागणीनंतर लिहायला बसायचा.